कोरड्या चारीचा पंचनामा

‘कोरड्या’ या शब्दापाशी उत्तमराव थांबले. मागे जाऊन त्यांनी ती ओळ पुन्हा सुरुवातीपासून वाचली. ‘आरोपीने स्वखुशीने पुढे चालून पाचव्या चारीच्या शेवटच्या मोरीखाली, कोरड्या वाळूत, एक हात खोल पुरलेली लोखंडी पहार आम्हां पंचांसमक्ष उकरून काढून दिली.’ खाली तारीख होती ९ फेब्रुवारी १९९४ आणि वेळ सकाळी सव्वादहा ते अकरा. त्याच्याही खाली, डाव्या बाजूला, किंचित उजवीकडे झुकलेली आणि शेवटच्या अक्षराखाली बारीक रेघ ओढलेली त्यांची स्वतःची सही होती. सही त्यांनी आधी ओळखली आणि मजकूर नंतर वाचला. या क्रमाचेच त्यांना आता भय वाटले, कारण दोन वर्षांपूर्वीही क्रम हाच होता. फक्त त्या वेळी ते मजकुरापर्यंत पोहोचलेच नव्हते. कागद हातात तसाच धरून त्यांनी मान वर केली. नगरच्या कोर्टाचा व्हरांडा मार्चच्या उन्हात पिवळा पडला होता. शाईच्या पॅडचा, घामाचा आणि कुणीतरी सोललेल्या मोसंब्याचा वास येत होता. आवाज मात्र सगळे एकदम लांब गेले होते, पाण्यात बुडी मारल्यावर काठावरची माणसे बोलताना ऐकू यावीत तसे. मन सैरभैर झाले की नजरेने अंतरे मोजायची, ही त्यांची जुनी सवय. कोर्टाच्या दारापासून टोकाच्या दगडी खांबापर्यंत अठरा पावले, त्यांनी मनाशी म्हटले. खांबामागून लुगड्याचा एक हिरवा काठ दिसत होता. अठरा, ते पुन्हा म्हणाले, आणि त्या आकड्याला धरून उभे राहिले.

सरकारी वकिलांनी कागद त्यांच्या हाती दिला तेव्हा चष्म्याची काडी चावत सगळे समजावून सांगितले होते. ते तरुण होते, घाईत होते आणि स्वभावाने वाईट नव्हते. आरोपी गोरक्षने मॅजिस्ट्रेटसमोर खुनाचा कबुलीजबाब दिला होता, पण खटला वर आल्यावर तो फिरला. मी केले नाही, मारून वदवून घेतले, असे म्हणू लागला. असे सगळेच म्हणतात, वकील म्हणाले. पण मागे घेतलेल्या एकट्या कबुलीवर कोर्ट शिक्षा देत नाही, तिला बाहेरून, वेगळ्या ठिकाणाहून आधार लागतो. प्रत्यक्ष पाहणारा कुणी नाही. दुसरा पंच, तो पोलीस ठाण्यासमोरचा चहावाला, गेल्या दिवाळीत वारला. तेव्हा काका, तो आधार म्हणजे तुम्ही. दोन मिनिटांचे काम आहे. सही तुमचीच ना, मजकूर बरोबर ना, हो म्हणायचे आणि उतरायचे. उत्तमरावांनी मान हलवली होती. सकाळी श्रीरामपूरहून एस.टी.त बसतानाही त्यांच्या मनात यापेक्षा अधिक काही नव्हते. कोर्टात जायचे म्हणून बायकोने, भागिरथीने, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट काढून ठेवला होता. नोकरीचे चौऱ्याहत्तर दिवस उरले होते. शाळेत घालताना मास्तरांनी एक जून ही जन्मतारीख टाकून दिलेली असल्यामुळे ते एकतीस मेला निवृत्त होणार होते, आणि चौतीस वर्षांच्या सेवेत आपल्या नावावर एकही शेरा नाही, हे समाधान त्यांच्या बसण्याउठण्यात आले होते.

आणि ९ फेब्रुवारीला कालव्यातून शेतांकडे जाणारी ती पाचवी चारी कोरडी नव्हती. हे कळायला त्यांना कसलीही नोंद पाहावी लागली नाही. पाटबंधारे खात्यातला शाखा अभियंता आपल्या हद्दीतली आवर्तने विसरत नाही. कालव्याला पाणी सुटण्याचे ते हंगामी दिवस त्याच्या अंगात जत्रेच्या तारखांसारखे बसलेले असतात. रब्बीचे आवर्तन त्या वर्षी एक फेब्रुवारीला सुटले आणि अठराला बंद झाले. नऊ तारखेला, बुधवारी, सकाळी साडेदहाला ते स्वतः चारीच्या मुखाशी, दरवाज्याच्या ओट्यावर उकिडवे बसून पाण्याची उंची दाखवणारी गेज पट्टी वाचत होते. पाण्यावर ऊन चमकत होते, म्हणून त्यांनी हाताची सावली धरली होती. अडुसष्ट सेंटिमीटर. नोंदवहीत आकडा लिहून त्यांनी वेळ घातली, सही केली. ती सही अजून शाखेच्या कपाटात होती, उजवीकडे झुकलेली, शेवटच्या अक्षराखाली रेघ असलेली. म्हणजे एकाच दिवशी, एकाच घटकेला ते दोन ठिकाणी होते. चारीच्या मुखाशी पाणी मोजत होते आणि तेथून चौदा किलोमीटरवर, तिच्या शेवटच्या मोरीखाली, कोरड्या वाळूत पहार निघताना पाहत होते. यांपैकी एक सही खोटी होती, आणि ती कोणती याविषयी शंकेला जागा नव्हती.

जमादार मोटारसायकलवरून आला होता तो त्याच दिवशी दुपारी चारला. वरून आदेश होता की पंच म्हणून सरकारी माणूस द्यावा, आणि उपविभागाने उत्तमरावांचे नाव दिले होते. ठाण्यावर या, असा निरोप त्यांना सकाळीच मिळालेला होता, पण पाळीवरून शेतकऱ्यांचा वाद चालू होता, तिसऱ्या दरवाज्याशी गर्दी जमली होती, आणि ते गेले नाहीत. जमादार समजूतदारपणे म्हणाला होता, ‘साहेब, पाणी सोडून तुम्ही कुठं येणार, आम्हाला कळतं. सगळं उरकलंय. त्यानंच काढून दिली, त्यानंच कबूल केलं. तुमची फक्त सही.’ कबूल केले, हे शब्द ऐकताना छातीवरून काहीतरी उतरल्यासारखे वाटले होते, ते त्यांना आता स्पष्ट आठवले. मच्छिंद्र हा शेतकरी त्यांच्या हद्दीत, त्यांच्या चारीच्या भरावावर मेलेला सापडला होता. त्याच्याशी आदल्या दुपारी पाण्याच्या पाळीवरून दहा माणसांसमक्ष भांडलेला गोरक्ष हा त्यांचा पाटकरी होता. दरवाजे उघडणे, पाळीप्रमाणे शेताशेतात पाणी फिरवणे हे त्याचे काम, आणि त्या कामावर त्याला उत्तमरावांनीच घेतले होते. सहा दिवस गावात, कचेरीत, चहाच्या टपरीवर लोक त्यांच्याकडे पाहून बोलणे थांबवत होते. गोरक्षने कबूल केले म्हणजे ते सगळे संपले. जमादाराने कागद मोटारसायकलच्या टाकीवर पसरला होता. टाकी तापलेली होती. मनगटाला चटका बसला म्हणून त्यांनी सही घाईने केली. रस्त्याच्या कामाचे मोजमाप पुस्तक स्वतः फीत धरल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कधी स्वाक्षरित केले नव्हते. ठेकेदार त्यावरून त्यांची टिंगल करत, साळवे साहेब सासुरवाडीलाही फीत घेऊन जातात म्हणत. तो माणूस तापलेल्या टाकीवर सही करून पुन्हा दरवाज्याकडे वळला होता. मागे वळूनही पाहिले नव्हते, कारण पाणी चालू होते.

पाणी चालू होते, आणि ते कुणी आणले होते? एक फेब्रुवारीची सकाळ त्यांच्यासमोर इतकी उजळ उभी राहिली की त्यांनी व्हरांड्याच्या भिंतीला हात टेकला. आवर्तनाच्या पहिल्या दिवशी पाटकऱ्याने पाण्याच्या पुढे चालायचे, अशी त्या भागातली रीत. दरवाजा उचलला की पाणी एकदम धावत नाही. त्याची एक मातकट जीभ निघते, काटक्या, पाचोळा, बाभळीच्या शेंगा पुढे ढकलीत, तळाच्या भेगा भरीत सावकाश सरकते. पाटकरी तिच्यापुढे आठ-दहा पावले अनवाणी चालत असतो, अडलेले मोकळे करतो, फुटलेले लिंपतो. गोरक्ष चपला काढून डोक्यावरच्या मुंडाशात खोचायचा. त्या दिवशी उत्तमराव भरावावरून सायकल ढकलीत त्याच्या बरोबरीने तिसऱ्या दरवाज्यापर्यंत गेले होते. पाण्याची जीभ गोरक्षच्या टाचांना लागत होती, तो दोन पावले पळत होता, पुन्हा लागत होती. ‘सायेब, ही म्हस हाय,’ तो खालून ओरडला होता, ‘मागं वळून बगितलं की थांबती.’ त्यांनी त्याला कामाकडे लक्ष दे म्हणून दटावले होते आणि मग स्वतःच हसले होते. संध्याकाळी तो शेवटच्या मोरीपर्यंत पोहोचला. तेथे पोहोचल्याची खूण म्हणून पाटकऱ्याने मोरीच्या दगडावर ओला पंजा उमटवायचा असतो. दुसऱ्या दिवशी उत्तमरावांनी तो पंजा पाहिला होता, चिखलाचा, वाळलेला, करंगळी थोडी वाकडी असलेला. म्हणजे एक तारखेलाच त्या मोरीखाली पाणी पोहोचले होते. मच्छिंद्र मेला तीन तारखेच्या पहाटेच्या सुमारास. त्यानंतर मोरीखालच्या कोरड्या वाळूत पहार पुरली, असे गोरक्षच्या जबाबात लिहिले होते. जगातल्या दुसऱ्या कुणाही माणसाने तसे सांगितले असते तर ती विसरभोळेपणाची चूक म्हणता आली असती. ठाण्यात बसून लिहिणाऱ्याला चारी म्हटले की कोरडी चारीच डोळ्यांपुढे येणार, कारण वर्षातले नऊ-दहा महिने ती तशीच असते. नगरमध्ये नळाचे पाणी पिणाऱ्या वकिलांच्या दोन वर्षांत ती ध्यानात न येणेही समजण्यासारखे होते. पण जो स्वतः त्या वाळूवरून पाणी घेऊन गेला, तो ती वाळू कोरडी होती असे म्हणणार नाही. ते वाक्य गोरक्षचे नव्हते. ते कुणीतरी त्याच्या तोंडात घातले होते, आणि त्याखाली आधार म्हणून उत्तमरावांना उभे केले होते.

त्यांनी पंचनाम्याखालचा दुसरा कागद उलटला. ती कबुलीजबाबाची प्रत होती, तीन दिवसांनंतरची, बारा फेब्रुवारीची. ‘पाचव्या चारीच्या शेवटच्या मोरीखाली, कोरड्या वाळूत, एक हात खोल.’ शब्दाला शब्द, स्वल्पविरामाला स्वल्पविराम. एकदम, काही संबंध नसल्यासारखे, तंत्रनिकेतनातले मैदान डोळ्यांपुढे आले. १९५८ साल असावे. लेव्हलिंगच्या प्रात्यक्षिकात एका ठरलेल्या दगडापासून निघून, जागोजागी पट्टी वाचत मैदानाला फेरी घालायची आणि परतीच्या वाटेने पुन्हा मोजत त्याच दगडाशी यायचे. ऊन फार होते. पट्टी धरणारा जोडीदार वडाखाली जाऊन बसला होता. उत्तमने परतीची वाट मोजलीच नाही. जातानाचे आकडे उलट्या क्रमाने वहीत उतरवले. बेरीज जमली, फरक शून्य आला. सरांनी वही पाहिली. सर रागावणारे नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, शून्य आला का? आणि मग म्हणाले, ‘शून्य येत नसतो. वारा असतो, हात हलतो, डोळा थकतो. दोनदा मोजणाऱ्याचा फरक थोडा तरी येतोच. तू दुसऱ्यांदा मोजलेलंच नाहीस, पहिलंच पुन्हा लिहिलंस.’ त्यानंतर तीन दिवस, भर दुपारी, त्यांनी ती फेरी एकट्याने घातली होती. पुढे नोकरीत आलेल्या प्रत्येक नव्या मुलाला त्यांनी हीच गोष्ट स्वतःचे नाव न घेता सांगितली होती. पहिल्याकडे पाहून लिहिलेले दुसरे मोजमाप हे मोजमाप नव्हे. आणि आता ते स्वतःच ते दुसरे मोजमाप होते. कबुलीला आधार पंचनाम्याचा, पंचनाम्याला आधार त्यांच्या सहीचा, आणि त्यांच्या सहीला आधार कसला? तर गोरक्षने कबूल केले आहे, या जमादाराच्या शब्दाचा. म्हणजे फेरी जेथून निघाली तेथेच आली होती, आणि फरक शून्य होता.

खांबामागची बाई केव्हा उठून जवळ आली ते त्यांना कळले नाही. कडूबाई. गोरक्षची आई. दोन वर्षांत ती इतकी लहान झाली होती की आधी त्यांना वाटले, ही तिची कुणी थोरली बहीण असावी. तिने वाकून नमस्कार केला. त्यांनी हात जोडले, तेव्हा हातातले कागद एकमेकांवर घासून वाजले. बराच वेळ ती भागिरथीची, तिच्या गुडघेदुखीची चौकशी करीत राहिली. पुणतांब्याला ओळखीच्या बाईने सांगितलेले कसलेसे तेल लावा म्हणाली. उत्तमरावांनी विचारले, भेट होते का मुलाची? ती म्हणाली, एकदाच गेले. सुरुवातीला. जाळीतून तो म्हणाला, आई, म्या न्हाई. पदराचे टोक तिने बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

‘म्या त्याला म्हनलं, सायबानं सही केलीय. सायेब पट्टी लावल्याबिगर व्हय म्हनत न्हाईत, आख्ख्या गावाला म्हाईत हाय. मंग तुजं कसं ऐकू? त्यो गप बसला. म्या निगून आले, ती परत गेलेच न्हाई.’

हे तिने तक्रार म्हणून सांगितले नव्हते. उलट, आपण साहेबांच्या शब्दाबाहेर गेलो नाही, असा काहीसा आदर त्यात होता, आणि तोच उत्तमरावांना सोसेना. त्यांनी गोरक्षच्या शिक्षेचा विचार केला होता. जन्मठेप, फार तर. न्यायाधीशांचे काम, वकिलांचे काम. पण जाळीच्या अलीकडे उभ्या असलेल्या या बाईपर्यंत आपली सही पोहोचली असेल हे त्यांच्या मनात कधी आले नव्हते. ज्या एका माणसाने पुराव्यावाचून विश्वास ठेवायचा, तिच्याकडेही पुरावा म्हणून ती सहीच गेली होती. वकील दारातून हाताने खुणावत होते. शिपायाने नाव पुकारले. तिसऱ्या हाकेला त्यांचे पाय हलले. कडूबाई पुन्हा खांबामागे गेली, कारण आत नेताना गोरक्षने तिला पाहू नये.

साक्षीच्या पिंजऱ्याचा कठडा गुळगुळीत झालेला होता. त्यावर हात ठेवताना त्यांना वडील आठवले, आणि आठवण इतकी अवेळी आली की ते किंचित दचकले. वडिलांना सही येत नव्हती. जांभळ्या शाईचा अंगठा उमटवण्यापूर्वी ते कागद वाचून घेत, एकदा एकाकडून आणि पुन्हा दुसऱ्याकडून, पहिला समोर नसताना. दोघांचे जुळले तर अंगठा. तलाठी चिडे, सोसायटीचा कारकून चिडे, तुझा काय आमच्यावर विश्वास नाही काय म्हणे. वडील हसून म्हणत, तुमच्यावर हाये, कागदावर न्हाई. छप्पन साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, तेव्हा तिथे उच्चारलेले शब्दही त्यांनी परतीच्या गाडीत दोघा वेगवेगळ्या माणसांकडून पुन्हा म्हणवून घेतले होते. मुलगा शिकला, सही करू लागला, तेव्हा त्यांना वाटले असणार की आता हा त्रास संपला. उत्तमरावांनी कठडा घट्ट धरला. समोर, शिपायांच्या मधे, गोरक्ष उभा होता. त्याच्या डोक्यावर मुंडासे नव्हते. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि नजर खाली घेतली. त्या नजरेत राग नव्हता, अपेक्षाही नव्हती. शेवटच्या शेतावरचा माणूस सुकलेल्या चारीकडे पाहतो, तसे त्याने पाहिले होते.

शपथ झाली. नाव, वय, धंदा. वकिलांनी पंचनामा दाखवला आणि यावरील सही तुमचीच का म्हणून विचारले. उत्तमराव म्हणाले, माझीच. मग वकिलांनी कागदाकडे न पाहता विचारले की या पंचनाम्यातील मजकूर बरोबर आहे का, आणि उत्तराची वाट न पाहता पुढचे पान उलटायला सुरुवात केली. टंकलेखकाची बोटे कळांवर तयार होती. पंख्याचे एक पाते दर फेरीला कुठेतरी घासत होते; उत्तमरावांनी तो आवाज सहा वेळा मोजला.

‘मी तेथे नव्हतो,’ ते म्हणाले.

पान अर्धवट उलटलेले राहिले. वकिलांनी चष्मा काढला. दोन वर्षे झाली, नीट आठवून सांगा, ते हळू, जवळजवळ काळजीने म्हणाले. उत्तमरावांनी आठवून सांगितले. आवाज सुरुवातीला कापत होता. आकडे आले तसा तो स्थिर झाला. आवर्तनाच्या तारखा, बुधवार, साडेदहा, अडुसष्ट सेंटिमीटर, चौदा किलोमीटर. मुखाशी एवढे पाणी असले की शेवटच्या मोरीखाली गुडघाभर तरी पाणी असतेच. तेथे वाळू कोरडी असणे शक्य नव्हते. आणि ती तशी होती असे कोणीही पाटकरी बोलणार नाही. सरकारी वकील मधेच उठून साक्षीदार फितूर झाल्याचे म्हणाले. तो शब्द त्यांच्या अंगावर ओल्या फडक्यासारखा येऊन आदळला. चौतीस वर्षे. एकही शेरा नाही. बचावाचा वकील, ज्याने इतका वेळ पेन्सिलीला टोक करण्यापलीकडे काही केले नव्हते, तो तोंड उघडे ठेवून पाहत होता. न्यायाधीशांनी हात वर करून सगळ्यांना थांबवले. ते वयस्कर होते. त्यांनी आधी सावध केले की जे तुम्ही सांगता आहात त्याबद्दल तुमच्यावरच कारवाई होऊ शकेल, समजते आहे ना. उत्तमराव समजते म्हणाले. मग न्यायाधीशांनी टंकलेखकाला थांबायला सांगून, हलक्या, खासगी आवाजात विचारले, ‘तुम्ही शिकलेले गृहस्थ आहात. न पाहता सही का केलीत?’

‘त्याने कबूल केले आहे, असे मला सांगण्यात आले म्हणून.’

ते उत्तर उच्चारल्यावर उत्तमरावांना स्वतःलाच ते बाहेरून ऐकू आले, आणि सकाळपासूनचा सगळा धक्का जणू आत्ताच पुरता बसला. न्यायाधीश टंकलेखकाकडे वळून ते वाक्य जसेच्या तसे घ्या म्हणाले. उत्तमरावांनी परवानगी मागून आणखी एक वाक्य लिहून घ्यायला लावले. माझ्या बोलण्यावर जाऊ नये. आज मी सांगतो तेही एका माणसाचे सांगणेच आहे. शाखेच्या कपाटात गेजची नोंदवही आहे, ती मागवून पाहावी. त्याच दिवसाची मुख्य कालव्यावरची नोंद दुसऱ्या माणसाच्या हातची आहे, तीही पाहावी. दोन्ही जुळतात का ते तपासावे. न्यायाधीशांनी दोन्ही वह्या हजर करण्याचा हुकूम दिला आणि तारीख नेमली. साक्ष टंकून झाली. कारकुनाने ती भरभर वाचून दाखवली आणि कागद पुढे केला. उत्तमरावांनी पेन उघडले, आणि सही करण्याऐवजी, कृपया पुन्हा एकदा वाचावे, अशी विनंती केली. कारकुनाने न्यायाधीशांकडे पाहिले. न्यायाधीश म्हणाले, वाचा. मग तो दुसऱ्यांदा वाचू लागला, सावकाश, आणि उत्तमराव डोळे मिटून प्रत्येक शब्द ऐकत राहिले. अडुसष्टच्या जागी अठ्ठ्याहत्तर पडले होते. ते दुरुस्त झाले. त्यानंतर त्यांनी सही केली.

बाहेर कडूबाई दाराशीच उभी होती. आतले सगळे तिला कळले नसावे, पण काहीतरी उलटले आहे हे लोकांच्या चेहऱ्यांवरून तिने ओळखले होते. तिने विचारले, मंग यानं न्हाई केलं म्हना की. उत्तमरावांना हो म्हणायचे होते. इतकी वर्षे हो म्हणण्यात त्यांनी कधी एवढा मोह अनुभवला नव्हता. पण मच्छिंद्रला कुणी मारले हे त्यांनी पाहिलेले नव्हते. ‘ते मला ठाऊक नाही, कडूबाई,’ ते म्हणाले. ‘मी तेथे नव्हतो, एवढेच मला ठाऊक आहे. माझी ती सही खोटी होती.’

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. तिला रडू येईल, शिव्या येतील, असे त्यांना वाटले, आणि त्यांतले काहीही आले असते तर बरे झाले असते.

‘मीबी न्हवते तितं,’ ती अखेर म्हणाली. ‘तुमी न्हवते, मी न्हवते. त्यो एकलाच सांगत हुता, आन् आपुन दोगं बी त्याला व्हय म्हनलो न्हाई.’

दार उघडले. दोन शिपाई गोरक्षला घेऊन बाहेर आले. या वेळी ती खांबामागे गेली नाही. तो तिच्यासमोर येऊन थांबला, आणि शिपायांनीही, का कोण जाणे, त्याला ओढले नाही. उत्तमराव दोन हातांवर होते. गोरक्षची करंगळी अजून तशीच वाकडी होती. तो त्यांच्याकडे वळलाही नाही.

‘आई, तू कवा आली?’ त्याने विचारले.

‘दर तारखेला येती.’

‘मला कदी दिसली न्हाईस.’

तिने हात लांब करून टोकाचा खांब दाखवला. गोरक्षने त्या खांबाकडे पाहिले, मग दाराकडे, पुन्हा खांबाकडे, जणू मधले अंतर त्याला लक्षात ठेवायचे होते. शिपाई म्हणाला, चल. ती त्याच्याबरोबर चालू लागली, पायऱ्यांपर्यंत, पायऱ्यांखालच्या निळ्या गाडीपर्यंत.

व्हरांडा हळूहळू मोकळा झाला. श्रीरामपूरची गाडी अडीचला होती. उत्तमरावांनी पेन खिशाला लावले, कोर्टाच्या दाराच्या उंबऱ्याला टाच टेकवून ते उभे राहिले आणि खांबाच्या दिशेने पावले मोजू लागले. अठरा झाली तरी खांब पुढेच होता. एकवीस भरली. खांबाशी क्षणभर थांबून ते वळले, पाठ त्या दगडाला लावली, आणि परतीची पावले पहिल्यापासून मोजायला लागले.